सौम्य हिवाळ्यातला जाळ

लाकडावर घर गरम ठेवायचे तर कडाक्याचा हिवाळा सोपा आणि सौम्य हिवाळा अवघड, हे विधान प्रथमदर्शनी उलटे वाटते. बाहेर पारा शून्याखाली १५ अंशांवर उतरलेला असतो तेव्हा घराला मिळेल तेवढी उष्णता हवीच असते. शेगडी काठोकाठ भरावी, हवा मोकळी सोडावी आणि निखारे उरले की पुन्हा भरावी, एवढेच काम राहते. परंतु बाहेर ८ अंश, वर रिमझिम पाऊस आणि घरात हवे २० अंश, अशी स्थिती असते तेव्हा त्याच शेगडीपुढे बसणाऱ्याला सतत निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यांतला सर्वांत स्वाभाविक वाटणारा निर्णय, म्हणजे हवा कमी करून जाळ दाबून ठेवण्याचा, हाच बहुधा सर्वांत चुकीचा ठरतो.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातले विलामेट नदीचे खोरे हा असा सौम्य हिवाळ्याचा प्रदेश आहे. पश्चिमेला किनाऱ्यालगतची डोंगररांग, पूर्वेला कॅस्केड पर्वत आणि मधल्या सखल पट्ट्यात पॅसिफिक महासागरावरून येणारी दमट हवा, यांमुळे खोऱ्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पोर्टलंड शहरात जानेवारीतही दुपारचे तापमान ८ अंशांच्या आसपास आणि पहाटेचे २-३ अंश असते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडची पहाट एखाद्या हिवाळ्यात याच आकड्यांना शिवते आणि द्राक्षे वाचवण्यासाठी बागांत शेकोट्या पेटतात. पण तिथे दुपारी ऊन पडते आणि रात्रीचा गारठा ओसरतो, तर विलामेटच्या खोऱ्यात सूर्य दिवसचे दिवस ढगांआड राहतो आणि हाडांत शिरणारा ओलसर गारठा ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत मुक्काम करतो. जळणाला मात्र तोटा नाही. डग्लस फर हा सूचिपर्णी वृक्ष ओरेगनचा राज्यवृक्ष आहे, ओक, मेपल आणि आल्डर हेही तिथे भरपूर वाढतात, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या कितीतरी घरांच्या दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आजही आहे.

फायरप्लेस म्हणजे भिंतीत बांधलेली, समोरून उघडी आणि वर धुराडे असलेली आगटी. ती डोळ्यांना सुख देते, समोर बसणाऱ्याला शेक देते, पण घर गरम करण्याचे साधन म्हणून ती जवळजवळ निरुपयोगी असते, कारण उघड्या तोंडातून जाळ दर तासाला शेकडो घनमीटर हवा ओढून वर सोडतो आणि ही हवा घरातलीच, आधी तापलेली असते. तिची जागा घेण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत येते, त्यामुळे दिवाणखान्यात हात शेकत असताना मागच्या खोल्या अधिकच गार पडतात. हा दोष फार पूर्वी ओळखला गेला होता. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ मध्ये आपल्या पेनसिल्व्हेनियन फायरप्लेसची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत लोखंडी पत्र्यांची पेटी आगटीत बसवून धुराला वळसा घालायला लावण्याची कल्पना होती. मात्र धूर आधी खाली उतरावा आणि मग वर चढावा ही अपेक्षा धुराच्या स्वभावाविरुद्ध असल्याने ती पेटी नीट ओढत नसे. अर्धशतकानंतर काउंट रमफर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्प्सनने १७९६ मधल्या निबंधात अधिक साधा उपाय मांडला: आगटी उथळ करावी, बाजूच्या भिंती तिरप्या ठेवाव्यात म्हणजे शेक खोलीकडे परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करावा म्हणजे गरम हवा वाया जाणार नाही. रमफर्डने ओढ सुधारली, शेक वाढवला, पण आगटीचे तोंड उघडेच राहिले.

ते तोंड बंद करण्याचे काम इन्सर्ट करतो. जुन्या फायरप्लेसच्या कोनाड्यात सरकवून बसवायची ही ओतीव लोखंडाची किंवा जाड पोलादी पत्र्याची बंद पेटी असते. समोर उष्णता सोसणाऱ्या काचेचे दार, आतून अग्निरोधक विटांचे अस्तर, हवा आत घेण्यासाठी सरकती झडप, आणि दुहेरी कवचाच्या मधल्या पोकळीतून खोलीची हवा फिरवून ती तापवून बाहेर टाकणारा छोटा विजेचा पंखा, एवढा तिचा संसार. उघडी आगटी लाकडातल्या उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा घराला देते, तर चांगला इन्सर्ट सुमारे ७० टक्के देतो. हा फरक इतका मोठा आहे की कोणालाही मोह पडावा. अडचण सुरू होते ती या पेटीच्या ताकदीतून.

साधा हिशेब केला तरी हे स्पष्ट होते. समजा, मध्यम आकाराच्या आणि बऱ्यापैकी बंदिस्त घरातून, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे २०० वॉट उष्णता निसटते. बाहेर उणे १५ आणि आत २० अंश असतील तर फरक ३५ अंशांचा, म्हणजे घराची गरज ७ किलोवॉट. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ किलोवॉट-तास उष्णता असते, तेव्हा १० किलोच्या एका भरणीतून ७० टक्के कार्यक्षमतेने २८ किलोवॉट-तास हाती येतात, आणि ती भरण मोकळ्या हवेवर चार तासांत जळाली तर घराला बरोबर ७ किलोवॉटच मिळतात. गरज आणि पुरवठा यांचे जमते. आता त्याच घराबाहेर पोर्टलंडचे ८ अंश आणून ठेवावेत. फरक १२ अंशांवर येतो, गरज २.४ किलोवॉटवर उतरते, आणि तीच भरण तशीच जळाली तर घर तापून खिडक्या उघडायची वेळ येते. म्हणून घरमालक झडप बंद करत आणतो आणि चार तासांचा जाळ बारा तास पुरवू पाहतो. रात्री झोपताना पेटी भरून झडप दाबून ठेवायची आणि सकाळी उठून निखारे उकरायचे, ही सवय याच हिशेबातून पडते.

पण लाकूड असे पुरवून जळत नाही, कारण खरे पाहता लाकूड जळतच नाही. जळतो तो त्यातून निघणारा वायू. लाकूड तापले की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते, मग २०० अंशांच्या पुढे लाकडाचे घटक फुटून ज्वलनशील वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडू लागतात, आणि शेवटी कोळसा उरतो. लाकडातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक वाटा या वायूंमध्ये असतो, आणि ते नीट पेटण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान व पुरेशी हवा लागते. आधुनिक इन्सर्टमध्ये पेटीच्या छताशी असलेल्या भोके पाडलेल्या नळ्यांतून तापलेली हवा सोडतात, ती याच वायूंसाठी. जाळ चांगला असताना त्या भोकांपाशी निळसर-पिवळ्या ज्योती लाकडापासून सुटून अधांतरी नाचताना दिसतात. झडप दाबली की पेटी थंडावते, ज्योती विझतात, पण लाकडातून वायू निघणे मात्र थांबत नाही. हे न जळलेले वायू धूर होऊन वर जातात आणि धुराड्याच्या ज्या भागाचे तापमान १२० अंशांच्या खाली असते तिथे काळ्या, चिकट थराच्या रूपाने साचतात. या थराला क्रिओसोट म्हणतात; तो वाळला की काचेसारखा चकचकीत आणि अत्यंत ज्वालाग्राही होतो, आणि पुढे एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की धुराड्यातच आग लागते.

मंद जाळाने धुराड्याची ओढही मरते. ओढ म्हणजे आतल्या गरम, हलक्या आणि बाहेरच्या थंड, जड हवेतल्या वजनाच्या फरकामुळे धूर वर खेचला जाणे. पाच मीटर उंचीच्या धुराड्यात सरासरी १५० अंशांचा वायू असेल तर बाहेर उणे १० अंश असताना सुमारे २५ पास्कल दाब मिळतो, आणि बाहेर १० अंश असताना सुमारे २०; म्हणजे केवळ सौम्य हवेमुळे ओढ पाचव्या हिश्शाने घटते, हे सोसता येते. पण जाळ दाबल्यामुळे धुराड्यातला वायू ८० अंशांवर आला तर तीच ओढ १२ पास्कलवर येते. सौम्य हिवाळ्याला दोष दिला जातो तेव्हा बहुतेक दोष खरे तर त्या दाबलेल्या झडपेचा असतो.

इथे महाराष्ट्रातल्या चुलीपुढे बसलेल्या बाईची पद्धत आठवावी. भाकरी करपू लागली की ती हवा अडवत नाही. लाकडे मागे ओढते, आणि आच वाढवायची तर ती पुन्हा पुढे सारते. तिचा ताबा जळणावर असतो, हवेवर नसतो, आणि म्हणून चूल मंद असली तरी जे थोडे जळते ते ज्योतीने जळते. विलामेट खोऱ्याच्या दक्षिण टोकाला, कॉटेज ग्रोव्ह या गावी असलेल्या अप्रोव्हेचो संशोधन केंद्राशी निगडित लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात रॉकेट स्टोव्ह नावाची जी चूल विकसित केली, तिचेही सूत्र हेच होते: ज्वलनाची जागा लहान आणि उष्णतारोधक ठेवावी आणि तिच्यात बारीक लाकडे टोकाकडून थोडी थोडी सारावीत. गरीब देशांतल्या स्वयंपाकघरांसाठी केलेला हा विचार त्याच खोऱ्यातल्या सुखवस्तू दिवाणखान्यांनाही तितकाच लागू पडतो, ही मौज आहे.

तेव्हा सौम्य हिवाळ्यात इन्सर्ट चालवायचा तो असा: मनगटाएवढ्या जाडीच्या चिरफळ्यांची सुमारे ३ किलोची छोटी भरण करावी, ती हवा मोकळी ठेवून तास-सव्वा तासात झळाळून जळू द्यावी, आणि मग विझू द्यावी. वरच्याच हिशेबाने तीन किलोंतून ८ किलोवॉट-तासांहून थोडी जास्त उष्णता मिळते, म्हणजे साडेतीन तासांची गरज भागते. ती उष्णता पेटीच्या विटा, फायरप्लेसचे बांधकाम, भिंती आणि फर्निचर साठवून ठेवतात आणि हळूहळू परत करतात. सकाळी एक आणि संध्याकाळी एक किंवा दोन असे जाळ बहुतेक दिवशी त्या त्या वेळच्या उबेला पुरतात. यात खोलीचे तापमान २३ वर चढते आणि १९ वर उतरते, आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने घर चोवीस तास एकाच अंशावर ठेवण्याची सवय झालेल्यांना हा चढउतार गैरसोयीचा वाटतो. पण जी गैरसोय स्वेटर चढवून-उतरवून मिटते ती फार मोठी मानण्याचे कारण नाही. ज्यांना ती नकोच असेल त्यांच्यासाठी उत्प्रेरकाचा, म्हणजे पॅलॅडियम किंवा प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या मधपोळ्यासारख्या जाळीचा, इन्सर्ट मिळतो. ही जाळी धुरातले वायू ६०० ऐवजी सुमारे २६० अंशांनाच पेटवते, त्यामुळे जाळ खरोखर मंद ठेवूनही धूर जळतो. जाळी महाग असते, काही वर्षांनी निकामी होते आणि ओले किंवा रंग दिलेले लाकूड तिला मुळीच खपत नाही.

छोट्या जाळांचा एक दोषही आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. दर वेळी थंड पेटीतून सुरुवात करावी लागते, आणि सर्वांत जास्त धूर सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांतच होतो. ओरेगनने १९८६ पासून, देशात सर्वप्रथम, नव्या लाकडी शेगड्यांना प्रमाणपत्र सक्तीचे केले. १९८८ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तोच मार्ग धरला, आणि मे २०२० पासून नव्या शेगडीला तासाला २ ग्रॅमपेक्षा अधिक सूक्ष्म कण सोडता येत नाहीत. पण या आकड्यामागची मूळ चाचणी निखाऱ्यांच्या तापलेल्या थरावर, डग्लस फरच्या मापात कापलेल्या चौकोनी फळ्या रचून होत असे. थंड पेटी पेटवण्याचा धूर तिच्या मोजमापात येतच नव्हता. रोज दोनदा थंड पेटी पेटवणाऱ्या घराच्या वाट्याला तो आकडा येत नाही. यावर उपाय म्हणजे जाळ उलटा रचणे: मोठी लाकडे खाली, त्यांवर बारीक, सर्वांत वर ढलप्या आणि कागद, आणि पेटवायचे ते वरून. खालच्या लाकडातून निघणारा धूर वरच्या ज्योतीतून जातो आणि जळतो, शिवाय धुराडे लवकर तापते. चूल पेटवण्याची सवय असलेल्या हातांना ही रचना शीर्षासनासारखी वाटेल, पण ती काम करते.

धुराडे बाहेरच्या भिंतीला चिकटून बांधलेले असेल, आणि जुन्या अमेरिकी घरांत ते पुष्कळदा तसे असते, तर पेटवण्यापूर्वी त्यात थंड हवेचा खांब उभा असतो आणि दार उघडताच तो आत कोसळतो. एक कागद पेटवून नळीच्या तोंडाशी धरला तर हा खांब सहसा उलटतो. धुराड्यातली हवा उलटी आत येण्याचे आणखी एक कारण मराठी घरांशी विशेष निगडित आहे. पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हर्टन आणि हिल्सबरोच्या परिसरात, संगणक-चिपांच्या उद्योगामुळे अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, आणि फोडणीचा वास घरभर पसरू नये म्हणून शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा तिथे पूर्ण वेगाने चालवला जातो. असा जोरकस पंखा मिनिटाला कित्येक घनमीटर हवा बाहेर फेकतो. घर घट्ट बंद असेल तर आतला दाब कमी होतो आणि ती हवा भरून काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इन्सर्टचे धुराडे. स्वयंपाकघरातला धूर बाहेर जातो आणि दिवाणखान्यातला आत येतो. इन्सर्टला बाहेरच्या हवेची स्वतंत्र नळी जोडणे हा पक्का उपाय, आणि पेटवताना पंखा बंद ठेवून जवळची खिडकी बोटभर उघडणे हा फुकटचा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र मात्र दोन्ही परिस्थितींत हवेच, कारण हा वायू ना दिसतो ना वास देतो.

जळण वाळलेले असावे हे सर्वांना माहीत असते आणि फार थोडे लोक ते पाळतात. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. चांगल्या जळणात ते पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. विलामेट खोऱ्याला निसर्गाने इथे हात दिला आहे, कारण जुलै ते सप्टेंबर हे महिने तिथे जवळजवळ कोरडे असतात आणि वसंतात फोडून वाऱ्यावर रचलेले फरचे लाकूड शरद ऋतूपर्यंत तयार होते; ओकला मात्र दोन उन्हाळे लागतात. जळण कॉर्ड या मापाने विकले जाते, म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेला १२८ घनफुटांचा ढीग. ऑक्टोबरचा पाऊस सुरू झाल्यावर वाळलेले म्हणून विकत घेतलेले कॉर्ड पुष्कळदा नुसते शिळे असते. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण बंद पेटीत खरी ठरत नाही. तिथे ओल्याबरोबर सुकेही धुमसते.

बसवण्याच्या कामात एकच गोष्ट विस्ताराने सांगण्यासारखी आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडी शेगड्यांची लाट आली तेव्हा असंख्य इन्सर्ट नुसते कोनाड्यात ढकलून दिले गेले. त्यांचा धूर पेटीतून निघून विटांच्या ऐसपैस धुराड्यात सैल सुटत असे, तिथे तो पसरून थंडावत असे आणि क्रिओसोटचे थर चढत असत. आज सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाची गंज न चढणाऱ्या पोलादाची नळी पेटीपासून धुराड्याच्या माथ्यापर्यंत सलग नेणे, शक्यतो तिच्याभोवती उष्णतारोधक आवरण गुंडाळणे, आणि पेटीच्या वर धुराड्याचा गळा पत्र्याने बंद करून त्यावर सिरॅमिक लोकर पसरणे, ही रीत आहे. सौम्य हिवाळ्यात हे अधिकच आवश्यक, कारण तिथे धूर मुळातच कमी तापलेला असतो. या पत्र्याचा खर्च वाचवणारा माणूस बाहेरच्या विटा गरम करण्यासाठी लाकूड जाळत राहतो.

राहता राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. थंडीत आकाश निरभ्र होऊन वारा पडला की खोऱ्याच्या तळाशी गार हवा साचते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. धूर त्या झाकणाखाली अडकतो. अशा दिवसांत हिल्सबरो आणि बीव्हर्टन ज्या काउंटीत येतात तिथे लाकूड जाळण्यावर निर्बंध जाहीर होतात, आणि शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात प्यूजेट साउंडच्या परिसरात दुसऱ्या टप्प्याची बंदी लागली की प्रमाणित शेगडीही विझवावी लागते. ज्यांच्याकडे उष्णतेचे दुसरे पुरेसे साधनच नाही त्यांना तेवढी सूट मिळते. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात, हे लक्षात घेता या बंदीबद्दल कुरकुर करण्यात शहाणपण नाही.

सौम्य हिवाळ्यासाठी खरे साधन हीट पंप हेच आहे, हेही मान्य करावे लागते. हे बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणणारे, उलटे चालणाऱ्या वातानुकूलकासारखे यंत्र असून ८ अंशांच्या हवेत एका युनिट विजेवर ते सुमारे तीन युनिट उष्णता देते, आणि ज्या मंद, अखंड उबेसाठी लाकूड अपात्र आहे तीच देण्यात ते सर्वांत निपुण असते. पण कोलंबिया नदीच्या घळीतून पूर्वेचा गोठवणारा वारा येऊन पाऊस तारांवर बर्फ होऊन बसतो तेव्हा वीज जाते. फेब्रुवारी २०२१ आणि जानेवारी २०२४ च्या हिमवादळांत या भागातली कितीतरी घरे दिवसचे दिवस अंधारात होती. त्या दिवसांत इन्सर्टचा पंखाही फिरत नाही, तरी काचेतून आणि लोखंडातून येणारी धग एक खोली राहण्याजोगी ठेवते. आणि बाहेर उणे ८ अंश असताना तीच पेटी पूर्ण भरून, झडप मोकळी सोडून चालवता येते. म्हणून तिथल्या घरात रोजच्या उबेला हीट पंप आणि कडक रात्रींना व वीज नसलेल्या दिवसांना इन्सर्ट, अशी विभागणी योग्य. आणि इन्सर्ट घ्यायचाच तर दिवाणखान्याच्या मापाचा, लहान घ्यावा, मोठा कधीही घेऊ नये.

जुने घर विकत घेणाऱ्यांनी एवढे आधी पाहावे: पेटीवर कायमची बसवलेली प्रमाणपत्राची धातूची पाटी आहे का, आणि नळी माथ्यापर्यंत गेली आहे का. ओरेगनमध्ये १ ऑगस्ट २०१० पासून घर विकताना प्रमाणपत्र नसलेली लाकडी शेगडी किंवा इन्सर्ट काढून नष्ट करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि खरेदीदाराने ती जबाबदारी लेखी स्वीकारली नसेल तर हे काम विक्रेत्याचे असते.